स्लॅब पडायच्या आधी

भाचेबुवा, मूल रोडला खाली मंगल कार्यालय आणि वर लॉज काढतोयस, हे ताईनं फोनवर सांगितलं. नकाशाचा फोटो पाठवलास तोही नीट पाहिला. दर्शनी बाजू पश्चिमेला, आणि तिथं तीन मजले नुसती काच. चंद्रपुरात! त्यावर बोलतोच, पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. "मामा, ते ऊर्जेचं सर्टिफिकेट म्हणतात, ते कुठून मिळते?" असं तू विचारलंस.

एजंट गाठून, फी भरून आणायचा तो कागद नव्हे. तो तुझ्या भिंतीत, छतात, काचेत, दिव्यांत आणि एसीत असतो, आणि त्यातलं निम्मं जोत्याच्या आधीच ठरून जातं. इमारत उभी झाल्यावर माझ्याकडे येणारे मालक पुष्कळ पाहिले. त्यांना मी एवढंच सांगू शकतो की आता खर्च किती येईल. तू आधी विचारलंस, म्हणून हे पत्र लांबलं तरी वाच.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली दिल्लीच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं, म्हणजे बीईईनं, २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी संहिता आणली. तिला सगळे ईसीबीसी म्हणतात. २०१७ मध्ये ती सुधारली. जोडलेला भार १०० किलोवॅट किंवा करार मागणी १२० केव्हीए, यातलं काहीही गाठलं की व्यापारी इमारत तिच्या कक्षेत येते. २०२२ च्या दुरुस्तीनं राज्यांना ही मर्यादा आणखी खाली आणायची मुभा दिली, आणि २०२४ मध्ये बीईईनं नवी संहिता काढली, जिच्यात विजेबरोबर पाणी, कचरा आणि अपारंपरिक ऊर्जाही मोजतात. तेव्हा पहिलं काम हे कर: महानगरपालिकेच्या नगररचना विभागात आणि महाऊर्जाच्या नागपूर कार्यालयात एकेक अर्ज दे, आणि तुझ्या प्लॉटला आज कोणती आवृत्ती लागू आहे हे लेखी विचारून घे. तोंडी उत्तरावर जाऊ नको. टेबलावरचा माणूस बदलला की उत्तर बदलतं. खाली मी २०१७ च्या संहितेचे आकडे देतो. नवी लागू असली तरी रोख तोच राहतो.

आता तुझा भार मोजू. वर २४ खोल्या. प्रत्येकीत दीड टनाचा एसी, म्हणजे साधारण दीड किलोवॅट, झाले ३६. प्रत्येकीत दोन किलोवॅटचा गीझर, झाले ४८. हॉलला तुझ्या आर्किटेक्टनं ६० टन धरलेत, ते साठ-पासष्ट किलोवॅट. इथंच दीडशे झाले. लिफ्ट, पंप, किचन, दिवे अजून बाहेरच आहेत. तू कक्षेत आहेस, त्यात वाद नाही.

कुणीतरी तुला सांगणार की हॉलचं मीटर वेगळं घे, लॉजचं वेगळं घे, लोड फुटेल. मोहर्लीकडच्या रिसॉर्टवाल्यांतही हा सल्ला फिरतो, की प्रत्येक कॉटेज वेगळी दाखवा. संहिता इमारतीबरोबर इमारतींच्या संकुलालाही लागते, आणि तुझा नकाशा एकच, प्लॉट एकच, मालकही एकच. कायद्यात दंड १० लाख रुपयांपर्यंत आहे. तोही बाजूला ठेव. लोड फोडून मे महिन्याचं बिल फुटत नाही, ते दोन तुकड्यांत येतं इतकंच.

काचेपासून सुरू करतो. उन्हातली किती उष्णता काचेतून आत येते त्याचा एक आकडा असतो, एसएचजीसी. साध्या काचेचा तो ०.८ च्या वर असतो. संहिता नागपूरला संमिश्र हवामानात धरते, आपणही त्यातच धरून चालू, आणि त्या हवामानात उत्तर सोडून बाकीच्या बाजूंना हा आकडा ०.२७ च्या वर जाऊ देत नाही. शिवाय बाहेरच्या एकूण भिंतीत काचेचा हिस्सा ४० टक्क्यांच्या आत हवा. बाजारात ०.२७ ची काच मिळते, महाग असते, आणि दुकानदार "रिफ्लेक्टिव्ह आहे ना" म्हणून कोणतीही निळी काच गळ्यात मारतो. रंगावर जाऊ नको. कंपनीचं चाचणी प्रमाणपत्र माग, त्यावर तो आकडा छापलेला असतो.

त्याहून सोपं म्हणजे पश्चिमेची काच कमी कर. तिथं जिना, लिफ्ट, संडास-बाथरूम, स्टोअर असल्या खोल्या घे. माणसं जिथं बसतात-झोपतात त्या खोल्या उत्तरेला आणि पूर्वेला ने. दक्षिणेच्या खिडकीवर अडीच फुटांचा छज्जा दिलास तर उन्हाळ्यातलं दुपारचं डोक्यावरचं ऊन अडतं. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं, छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. तिथं उभ्या पट्ट्या किंवा जाळी लागते. आपल्याकडे बुरडकामाचा हात अजून जिवंत आहे. पक्क्या बांबूच्या ताट्या लोखंडी चौकटीत बसवून भिंतीपासून दीड फूट पुढं उभ्या केल्या तर ऊन ताटीवरच थांबतं, आणि मधून हवा फिरत राहते. बांबूला बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलेली हवी, नाहीतर दोन पावसाळ्यांत भुंगा लागतो. किचनच्या आणि एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जवळ बांबू आणू नको, आगीचा धोका असतो. छज्जा आणि आडोसा यांचा हिशेब संहितेत धरता येतो, त्यामुळे काच थोडी हलकी घेतली तरी चालते. हे आर्किटेक्टला सांग. त्याला माहीत असणारच, पण मालकानं विचारलं की तो मोजतो.

आता छत, कारण आपल्याकडे खरा मार तिथंच बसतो. सपाट आरसीसी स्लॅब मे महिन्यात दुपारी तव्यासारखा तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावरच्या पाहुण्याचा एसी रात्रभर थांबत नाही तो त्यामुळे. यू मूल्य म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता सरकते, तो आकडा. नुसत्या स्लॅबचा तो साडेतीनच्या आसपास. संहितेला ०.३३ हवा, म्हणजे दहावा हिस्सा. गवंडी म्हणेल, "कोबा टाकतो ना साहेब." ब्रिकबॅट कोबा पाणी अडवायला चांगला, उष्णता तो फारशी अडवत नाही. स्लॅबच्या वरून एक्सपीएसचे, म्हणजे दाट फोमचे, बोर्ड हवेत, तीन इंचांच्या थोडे वरच. खालून फॉल सीलिंगमध्ये थर्माकोल कोंबू नको, त्यानं स्लॅब तापायचा थांबत नाही आणि आगीचं एक कारण मात्र वाढतं. बोर्डावर वॉटरप्रूफिंग, त्यावर पांढऱ्या चिनी मोझॅकचा थर. पांढरा यासाठी की संहिता सपाट छताला ऊन परतवण्याचा आकडा किमान ०.६ मागते, आणि उष्णता बाहेर टाकण्याचा ०.९.

इथं चंद्रपूरची एक गोष्ट बाहेरच्या आर्किटेक्टला कळत नाही. आपल्याकडे कोळशाच्या खाणी, महाऔष्णिक केंद्र, सिमेंटचे कारखाने. पांढरं छत वर्षभरात राखाडी होतं, आणि राखाडी छत ऊन परतवत नाही. म्हणून गच्चीवर पाण्याचा एक नळ आणि निचऱ्याला चांगला उतार आत्ताच दाखव. पावसाळ्यानंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा ब्रश मारून धुवायचं, हे काम कुणाचं ते नोकराच्या नावानिशी लिहून ठेव. सौर पॅनेल लावशीलच, तेही त्याच पाण्यानं धुतले जातील. संहितेत छतावर पॅनेलसाठी मोकळी, सावली न पडणारी जागा राखायची अट आहे. टाकी, लिफ्टची खोली आणि डिश अँटेना सगळं दक्षिणेला उभं केलंस तर तीच जागा जाते. पॅनेलची सावली स्लॅबला मिळते हा वरचा फायदा.

भिंतींचं पटकन सांगतो. नऊ इंची विटेच्या भिंतीचं यू मूल्य सुमारे २. १० हजार चौरस मीटरच्या आतल्या बिनतारांकित हॉटेलाला संहिता आपल्या हवामानात ०.६३ मागते. हिशेब करून बघ. बाहेर ४६, आत २४, म्हणजे फरक २२ अंशांचा. शंभर चौरस मीटर विटेच्या भिंतीतून ४,४०० वॅट उष्णता आत येते. एक टन एसी साधारण ३,५०० वॅट उपसतो. म्हणजे सव्वा टन एसी नुसता त्या एका भिंतीसाठी राबतो, आणि ऊन थेट पडत असेल तर त्याहून जास्त. ०.६३ ची भिंत केलीस तर तेच १,४०० वॅटच्या आत येतं. एएसी ब्लॉकनं बरंच काम होतं, उरलेलं इन्सुलेशननं. सगळ्याच भिंती, छत, काच तंतोतंत आकड्यावर बसत नसतील तर घाबरू नको. एकीकडे कमी पडलेलं दुसरीकडे भरून काढायचा मार्ग संहितेत आहे, आणि पूर्ण इमारतीचं संगणकावर गणित मांडून सिद्ध करायचाही आहे. हा शेवटचा मार्ग खर्चिक, तुझ्या आकाराला आकडे पाळणं आणि अशी भरपाई एवढं पुरे.

आता मला खरं बोलायचंय ते हॉलच्या ६० टनांबद्दल.

लग्नाचं कॅलेंडर काढ. तुळशीच्या लग्नापासून तिथी सुरू होतात, आषाढी एकादशीला थांबतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे हॉलला गारव्याची गरजच नसते, संध्याकाळी पाहुणे शाली शोधतात. मार्च ते जूनचा मध्य ही खरी तापाची मुदत, आणि ती कोरडी. मेच्या दुपारी हवेत ओलावा इतका कमी असतो की ४६ अंशांची हवा चांगल्या पॅडमधून ओढली तर अठ्ठावीस-तीसपर्यंत येते. नवतपात, म्हणजे ऐन कडाक्याच्या त्या नऊ दिवसांत, तर कूलर सगळ्यात छान चालतो, हे चंद्रपूरच्या पोरालाही माहीत आहे. कूलर निकामी होतो तो पाऊस पडायला लागल्यावर, आणि तोवर तिथी संपत आलेल्या असतात. मग ६० टनांचा एसी कशासाठी? पत्रिकेवर "पूर्ण वातानुकूलित" छापायला?

मोठे डक्ट कूलर लाव, हनीकोम्ब पॅडचे. वुडवूलच्या ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात आणि हॉलभर वास सोडतात. तेवढ्याच हॉलला कूलरचे पंखे आणि पंप मिळून एसीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात काम होईल. अट एकच, आत आलेली हवा बाहेर जायला वाट हवी. आपले लोक कूलर लावून खिडक्या बंद करतात आणि मग चिकचिक होते म्हणून कूलरला शिव्या देतात. समोरच्या भिंतीला वर झरोके ठेव, जेवढी हवा आत तेवढी बाहेर. वधूची खोली आणि वराकडची खोली मात्र एसी कर. मे अखेरीस आभाळ भरून आलं की हवा दमट होते आणि नवरीचा मेकअप उतरतो, ते भांडण तुझ्या माथी नको. पाणी तासाला काहीशे लिटर लागेल, त्यासाठी पावसाचं पाणी साठवायची टाकी मोठी घे. तसंही पर्जन्यजल संधारण नियमात आहेच. सीझन संपला की कूलरच्या टाक्या रिकाम्या करून कोरड्या कर, नाहीतर डेंग्यूचे डास तुझ्याच लॉजवर राहायला येतील.

यानं तुझा भार साठ-पासष्ट किलोवॅटच्या ऐवजी दहा-बाराने वाढेल. तरीही गीझर धरून तू १०० च्या आसपासच राहतोस, म्हणून कक्षेतून सुटलास असं समजू नको. फायदा करार मागणीत आहे. एचटी, म्हणजे उच्चदाब, जोडणी घेतलीस तर बिलातली मागणी ठरवताना महावितरण त्या महिन्याची प्रत्यक्ष मागणी पाहते आणि गेल्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीचा मोठा हिस्साही पाहते. मे महिन्यातल्या एका मोठ्या लग्नानं मारलेली उडी तू पुढं दिवाळीत, रिकाम्या हॉलमध्ये बसून भरत असतोस. करार मागणी ओलांडलीस तर वरच्या मागणीला चढा दर. आणि एचटीचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की युनिटच वाढतात. संहिता ०.९७ मागते. पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारा एपीएफसी पॅनल चांगल्या कंपनीचा घे आणि दर उन्हाळ्याआधी कपॅसिटर तपासून घे. फुगलेला कपॅसिटर हातानंसुद्धा कळतो, पण हात लावायचा तो पुरवठा बंद करून आणि कपॅसिटर डिस्चार्ज करून.

मंडपवाल्यांचं वेगळं. ते हॅलोजन, डीजे, धुराची मशीन, काय काय घेऊन येतात आणि जिथं सॉकेट दिसेल तिथं घुसवतात. त्यांच्यासाठी वेगळा पॅनल, वेगळा एमसीबी आणि सबमीटर दे. त्याचं बिल पार्टीकडून वेगळं घ्यायचं. पैसे स्वतःच्या खिशातून जायला लागले की हॅलोजन आपोआप एलईडी होतात.

लॉजच्या एसीला पाच तारे घे, पण तेवढ्यावर थांबू नको. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. ४६ ला तो दीड टन दीड टन राहत नाही. जास्त तापमानात चालणारं मॉडेल माग, बाहेर ५० च्या वर चालेल असं माहितीपत्रकात छापलेलं. आणि बाहेरची युनिटं पश्चिमेच्या भिंतीवर एकावर एक चढवू नको. खालच्यानं फेकलेली गरम हवा वरचा ओढतो आणि सगळ्यात वरचा दर आठवड्याला ट्रिप होतो. एका लॉजवर वर्षभर गॅस भरत राहिले. दोष गॅसचा नव्हताच, युनिटांच्या मांडणीचा होता. जानेवारी २०२० पासून खोलीचे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. पाहुण्याला ते बदलता येतं, पण रिमोट हातात देताना १६ वर नेऊन देऊ नका, एवढं रूमबॉयला शिकव.

गीझर २४ कशाला? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून नळालाच उकळतं पाणी येतं, पाहुणे बादली भरून थंड व्हायला ठेवतात. थंडीतले तीन-चार महिने काय तो गीझर. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हॉटेल-लॉजना सौर पाणीतापक सांगितलेला आहे. तो लाव, मदतीला दोन-चार विजेचे हीटर ठेव. ४८ किलोवॅटमधले बरेचसे तिथंच गेले. आपलं पाणी जड, क्षार धरतं, त्यामुळे नळ्या साफ करता येतील असा तापक घे.

दिव्यांची अट तू न ठरवताही पाळशील. हॉटेलला दर चौरस मीटर ९.५ वॅटची मर्यादा आहे, आणि एलईडीच्या काळात बारा चौरस मीटरच्या खोलीला ११४ वॅट लावायचे म्हटले तरी जमत नाही. फक्त जिना-पॅसेजला सेन्सर दे.

तुझ्या साळ्याला आलापल्लीत लॉज काढायचाय, कोनसरी-सूरजागडच्या कामामुळे तिकडे माणसांची ये-जा वाढलीय, असं ऐकलं. त्याच्या दहा खोल्यांना ही संहिता बहुधा लागणार नाही, तो १०० किलोवॅटच्या पुष्कळ खाली आहे. तरी त्याला सांग की तिकडे व्होल्टेज पडतो आणि पाऊस चंद्रपूरपेक्षा जास्त. सपाट स्लॅबवर उतरतं छप्पर घे, मध्ये हवा खेळू दे. पंखे बीएलडीसी घे; साधा पंखा ७५ वॅट खातो, हा तीसेक वॅटमध्ये चालतो, आणि व्होल्टेज पडला तरी वेग धरतो. इन्व्हर्टरवर दुपटीनं टिकतो. पंख्यांवर तारांकन २०२३ पासून सक्तीचं आहे, बिनलेबलचा माल कुणी खपवत असेल तर परत कर.

फाइल आत्तापासून बनव. नकाशासोबत भिंत-छताचे थर आणि त्यांची यू मूल्यं, काचेचं प्रमाणपत्र, दिव्यांची आणि एसीची यादी, सगळं परवानगीच्या अर्जाच्या वेळी लागेल. जीएसटीची पक्की बिलं जपून ठेव. एक्सपीएस टाकला की त्यावर वॉटरप्रूफिंग झाकायच्या आधी फूटपट्टी उभी धरून फोटो काढ, तारखेसकट. नंतर तपासायला येणाऱ्याला स्लॅबच्या आतलं दिसत नाही, आणि ठेकेदारानं तीन इंचांच्या जागी दीड इंच टाकला तर तुलाही दिसत नाही. विद्युत निरीक्षकाची मंजुरी वेगळी असते, ती या फाइलमध्ये मिसळू नको. आणि काम परवानाधारक ठेकेदारालाच दे, मग तो आपल्या नात्यातला असो वा नसो.

तुझ्या गच्चीवरून उत्तरेला महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतील. २,९२० मेगावॅटचं केंद्र, आणि तरी उन्हाळ्यात आपले फीडर ट्रिप होतात. एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, पाणी इरई धरणाचं जातं, आणि राख उडते ती आपल्याच अंगणात. पुण्यातल्या माणसाला वीज वाचवण्याचा हिशेब पैशात करावा लागतो, आपल्याला तो छत धुताना बादलीतही दिसतो.

तेव्हा एवढं कर. पश्चिमेची काच काढून आणि हॉलला डक्ट कूलर दाखवून नकाशा पुन्हा काढायला सांग, आणि तो घेऊन रविवारी ये. स्लॅबची तारीख मात्र मला विचारल्याशिवाय ठरवू नको.